खुर्द्याचा भाव



पानिपतची बातमी पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी भाषेत. नानासाहेब उत्तरेच्या वाटेवर असताना एक पत्र हाती आले. त्यात लढाईचे नाव नव्हते, जमाखर्च होता. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची मोजदाद नाही, असा त्याचा आशय. मोती कोण हे शाळकरी पोरही सांगते. मोहरांतली चार-दोन नावे इतिहासाच्या मास्तरांना येतात. खुर्दा कोण, हे कुणी विचारत नाही. दमाजी गायकवाड त्या रणातून जिवंत परतले आणि पुढे या बडोदे शहराचा जो विस्तार झाला तो आपण पाहतोच. पण त्यांच्या मागे घोड्यावर कोण होते याची नोंद बडोद्यातही सापडायची नाही.

आजचा विषय खेळाचा आहे आणि तोही अंमळ आडवळणाचा: पडझड झालेला संघ नव्याने बांधायला काढला, तर त्यातल्या मध्यम खेळाडूंचे काय करायचे? त्यांना बाजारात काय भाव येतो? अमेरिकेत बास्केटबॉलच्या व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे एनबीएमध्ये, हा प्रश्न दर फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत संपत आली की ऐरणीवर येतो. आपल्याकडे तो आयपीएलने आणला असे मानतात. प्रस्तुत वक्त्याला हे मान्य नाही. बडोद्यात हा व्यवहार लिलावाच्या सत्तर वर्षे आधीपासून चालू होता, फक्त तो हुजुरांच्या हुकमाने चालायचा. पण आधी अमेरिकेकडे वळू, कारण तिथे खुर्द्याचा हिशेब कागदावर मांडलेला मिळतो.

सॅन अँटोनियो स्पर्स हा टेक्ससमधला नावाजलेला संघ. पाच विजेतेपदे मिळवून २०२० च्या सुमारास तो उतरणीला लागला होता. त्यांच्याकडे डेरिक व्हाइट नावाचा गार्ड होता. हा गडी मोठ्या विद्यापीठाच्या झगमगाटातून आलेला नव्हता. कोलोरॅडोतल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका कॉलेजात तो आधी खेळला आणि २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपात, एकोणतिसाव्या क्रमांकावर निवडला गेला. बचाव चोख, पास वेळेवर, चूक कमी. पोस्टरवर छापावा असा नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पर्सने त्याला बॉस्टन सेल्टिक्सकडे धाडले आणि बदल्यात जॉश रिचर्डसन, रोमियो लँगफर्ड हे दोन खेळाडू, त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतली एक निवड आणि २०२८ मध्ये निवडीचा क्रमांक बदलून घेण्याचा हक्क असे घेतले. आपल्या पेढीच्या भाषेत सांगायचे तर थोडे रोख, बाकी पुढच्या तारखेच्या हुंड्या.

आता यातली गंमत पाहा. बॉस्टनला व्हाइट हवा होता, कारण त्यांचा संघ जवळजवळ पुरा होता आणि एकच जागा रिकामी होती. ज्याच्या घराला एक वीट कमी आहे तो त्या विटेला विटेपेक्षा जास्त पैसे मोजतो. मे २०२३ मध्ये मायामीविरुद्धच्या उपांत्य मालिकेतला सहावा सामना बॉस्टन हरल्यातच जमा होता. व्हाइटनेच रेषेबाहेरून चेंडू आत दिला, सहकाऱ्याचा फटका चुकला आणि रेषेवरून धावत आलेल्या व्हाइटने घड्याळ संपता संपता उसळलेला चेंडू रिंगमध्ये ढकलला. १०४-१०३. चेंडू आत देणाऱ्याकडे कुणाचे लक्ष नसते, हेच त्याच्या पथ्यावर पडले. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, बॉस्टन विजेता ठरला.

मग सॅन अँटोनियो फसले का? मुळीच नाही. मिळालेल्या निवडीतून त्यांनी घेतलेल्या खेळाडूने फारसा उजेड पाडला नाही. पण खरी कमाई दुसरीकडे झाली. व्हाइट गेला, त्याच उन्हाळ्यात डिजाँटे मरेही विकला गेला आणि २०२२-२३ च्या हंगामात स्पर्सने ८२ पैकी केवळ २२ सामने जिंकले. एनबीएत तळाशी गेलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या सोडतीत झुकते माप असते. तळाच्या तिघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्के संधी. स्पर्सची चिठ्ठी निघाली आणि त्यांना व्हिक्टर वेम्बान्यामा मिळाला. सव्वासात फुटांहून उंच हा फ्रेंच पोरगा म्हणजे आजच्या बास्केटबॉलमधला मोती.

म्हणजे पडत्या संघात चांगला मध्यम खेळाडू असणे हा चक्क अडथळा असतो! तो चार-सहा सामने उगाच जिंकून देतो. त्या चार-सहा विजयांनी संघ विजेता होत नाही, पण सोडतीतला क्रमांक मात्र घसरतो. अशा घरात त्याची किंमत शून्याच्याही खाली, आणि शेजारच्या घरात तोच लाखमोलाचा. वस्तू एकच, घर बदलले की भाव बदलतो.

बडोदेकरांना हे समजायला अमेरिकेचीही गरज नाही. १९२३ मध्ये इथल्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून अखिल भारतीय सामने भरवले, तेव्हा या खेळाचे जे प्रकार प्रचलित होते त्यातला एक संजीवनी, दुसरा गामिनी. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठतो. गामिनीत तसे नाही. एकदा बाद झालेला बाहेरच, सगळा संघ बाद होईपर्यंत. सगळे बाद झाले की मगच सगळे पुन्हा मैदानात. अमेरिकेतले संघचालक जिला ‘पुनर्बांधणी’ म्हणतात ती ही गामिनी आहे. शेवटचा एक चिवट गडी मैदानात दम धरून उभा असतो आणि बाहेर बसलेले सहाजण मनात म्हणत असतात, बाबा रे, तूही बाद हो एकदाचा.

फिलाडेल्फियाच्या सॅम हिंकी या संघचालकाने हे इतके उघडपणे केले की लोक खवळले. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याने इव्हान टर्नर, स्पेन्सर हॉज असे कामाचे पण मध्यम खेळाडू दुसऱ्या फेरीच्या निवडींसाठी सोडून दिले. त्याच हंगामात संघ सलग २६ सामने हरला. दुसऱ्या फेरीची निवड म्हणजे काय चीज, हे भारतीयांना २०१५ मध्ये कळले: पंजाबातल्या बल्लो के गावच्या सतनामसिंगला डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर निवडले, गावात लाडू वाटले गेले आणि तो एनबीएचा एकही नियमित सामना खेळला नाही. अशा चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यासाठी हिंकी रोजचा खेळाडू देत होता. २०१५-१६ मध्ये संघाने अवघे दहा सामने जिंकले आणि एप्रिलमध्ये हिंकीने राजीनामा दिला. तो चुकला का, यावर तिकडे अजून वाद झडतात. या वक्त्याचे मत विचाराल तर त्याचे गणित बरोबर होते. प्रेक्षक तिकीट काढून गणित पाहायला येत नाहीत, एवढेच तो विसरला.

आता घरी येऊ.

संस्थानी काळात क्रिकेटच्या मैदानावर जी अदलाबदल चालायची, तिचे चलन नोकरी होते. विजय हजारे मूळचे सांगलीचे, जन्म १९१५ चा. महाराष्ट्राकडून खेळले, मध्य भारताकडून खेळले, मग बडोद्याला आले आणि बडोद्याचेच झाले. सी. एस. नायडू बडोद्याकडून होळकरांकडे गेले. भाऊसाहेब निंबाळकर, ज्यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, ते बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा अनेक दारांतून जाऊन आले. इंदूरला यशवंतराव होळकर, इथे प्रतापसिंहराव गायकवाड. दोन्ही दरबार मराठी, दोन्ही दरबारांना मोती हवे होते. लिलावाचा हातोडा नव्हता. सैन्यातला हुद्दा, राहायला घर आणि मैदानावर यायची मोकळीक हाच मोबदला. खेळाडूची संमती? पोट आणि मान दोन्ही सांभाळले जात होते, तर नाही कोण म्हणणार.

या दोन दरबारांची गाठ १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यात पडली. होळकर संघ २०२ धावांत बाद. बडोद्याची अवस्था ३ बाद ९१. मग हजारे आणि गुल महंमद एकत्र आले आणि चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी झाली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. प्रथम श्रेणीत चौथ्या गड्यासाठी हा विक्रम आजही उभा आहे. कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागी म्हणून तर तो २००६ पर्यंत टिकला, मग संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या. बडोद्याचा एकूण आकडा ७८४. होळकर दुसऱ्या डावात १७३. एक डाव आणि ४०९ धावांनी विजय.

हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. पण ७८४ मधून दोघांच्या ६०७ वजा करा. उरतात १७७. नऊ माणसे आणि अवांतर मिळून १७७. शिवाय होळकरांचे वीस गडी ३७५ धावांत कुणीतरी बाद केले, झेल कुणीतरी घेतले, दोन-दोन दिवस पॅड बांधून तंबूत कुणीतरी बसून राहिले. अशा माणसांना त्या बाजारात भावच नव्हता. होळकरांनी त्यातल्या एखाद्याला मागितलेही नसते. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, हुद्दे वाटणारा हात थांबला, आणि तरीही बडोद्याने १९४९-५० मध्ये आणि दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८ मध्ये रणजी करंडक जिंकला. मोती विकत घेणारा कोणी उरला नाही तेव्हाही घर चालले, असा याचा अर्थ लावला तर फार चूक होणार नाही. त्यानंतर मात्र त्रेचाळीस वर्षे थांबावे लागले. २०००-०१ मध्ये जेकब मार्टिनच्या संघाने रेल्वेला २१ धावांनी हरवले तेव्हा गोलंदाजीत पुढे होता तो झहीर खान. श्रीरामपूरचा हा पोरगा मुंबईच्या गर्दीत जागा न मिळाल्याने बडोद्याला आलेला. मुंबईला तो जास्त झालेला होता, बडोद्याला कमी होता. व्हाइटची गोष्ट, आकडे निराळे.

आयपीएलमधल्या अदलाबदलीचा पहिला ठळक हंगाम २००९ चा. झहीर बंगळुरूहून मुंबईला, रॉबिन उथप्पा मुंबईहून बंगळुरूला. आशिष नेहरा दिल्लीला, शिखर धवन मुंबईला. त्या घडीला धवन हा खुर्दाच होता. पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. पण आपली पद्धत अमेरिकेहून दोन बाबतींत मुळातच वेगळी. आपल्याकडे ड्राफ्ट नाही, तेव्हा तळाला जाण्यात कसलेच बक्षीस नाही. मध्यम खेळाडू सोडून मिळते ती फक्त पिशवीतली जागा, म्हणजे पुढच्या लिलावात खर्चायला मोकळे पैसे. आणि दुसरे, खेळाडूची संमती लागते. अमेरिकेत बहुतेकांना ती विचारली जात नाही. संमती लागते म्हणजे मोकळीक आहे असे मात्र नव्हे. राजस्थानशी करार असताना मुंबईशी परस्पर बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला २०१० चा सगळा हंगाम बाहेर बसवले गेले. माल बाजारात जातो. मालाने स्वतःच्या पायांनी बाजारात जायचे नाही.

या सगळ्या व्यवहाराचा चालता-बोलता दाखला हवा असेल तर तो पालघरचा आहे. शार्दूल ठाकूर. विरारच्याही पलीकडून, पहाटेची गाडी पकडून, किटबॅग दोन माणसांच्या मधे कोंबून मुंबईत खेळायला येणारा मुलगा. पंजाबने त्याला २० लाखांत घेतले. २०१७ मध्ये पंजाबकडून त्याची रवानगी पुण्याच्या संघात. २०१८ मध्ये चेन्नईने २ कोटी ६० लाख दिले. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत त्याने एका डावात ६७ धावा काढल्या आणि सामन्यात सात बळी घेतले, आणि जो-तो त्याला लॉर्ड म्हणू लागला. २०२२ च्या लिलावात दिल्लीने १० कोटी ७५ लाख मोजले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला कोलकात्याला देऊन टाकले. कोलकात्याने वर्षभराने सोडले. चेन्नईने पुन्हा घेतले, ४ कोटींना. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा एकही हात वर झाला नाही. मग लखनौचा मोहसिन खान जायबंदी झाला, त्याच्या जागी २ कोटींत शार्दूल, आणि दुसऱ्याच सामन्यात हैदराबादविरुद्ध ३४ धावांत चार बळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये लखनौने त्याला मुंबई इंडियन्सला दिले. भाव २ कोटी.

वीस लाख, अडीच कोटींवर, पावणेअकरा कोटी, चार कोटी, शून्य, दोन कोटी. माणूस एकच आहे. मनगट तेच, वेगही साधारण तोच. दर वेळी बदलले ते इतकेच, की त्या दिवशी त्या दालनात बसलेल्या संघांपैकी कुणाला आठव्या क्रमांकावर फटके मारणारा मध्यमगती गोलंदाज कमी होता आणि कुणाच्या पिशवीत किती उरले होते. शून्य आले त्या दिवशी तो वाईट झाला नव्हता, आणि पावणेअकरा आले त्या दिवशी तो कपिलदेव झाला नव्हता. बाजारसमितीत कांद्याचा भाव पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्याच नोव्हेंबरात आणखी एक सौदा झाला आणि त्यावर वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. राजस्थानचा संजू सॅमसन १८ कोटींना चेन्नईला गेला. चेन्नईहून जडेजा राजस्थानला आला, तोही १८ ऐवजी १४ कोटींवर. मोत्याला मोती. पण पारडे समतोल होईना म्हणून चेन्नईने वर एक माणूस घातला. जुन्या मराठीत याला वरताळा म्हणत. दागिन्याच्या बदल्यात दागिना घेताना फरक भरून काढायला द्यायची वरकड रक्कम. वरताळा म्हणून गेला सॅम करन, २ कोटी ४० लाखांचा. आणि हाच करन डिसेंबर २०२२ च्या लिलावात साडेअठरा कोटींचा, तोवरचा आयपीएलमधला सर्वांत महाग खेळाडू होता. मोहरेचा खुर्दा व्हायला तीन वर्षे पुरली.

मोत्यांच्या मागे लागून पदरात काय पडते याचा बडोद्याशी निगडित दाखलाही आहे. बोलताना जरा जपून बोलावे लागते, कारण सभागृहात त्याचे चाहते असणार. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला गेला. १५ कोटींची जागा पिशवीत करण्यासाठी मुंबईने कॅमेरून ग्रीनला साडेसतरा कोटींवर बंगळुरूला दिले. कप्तान बदलला, वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली आणि २०२४ मध्ये मुंबई दहा संघांत दहावी आली. दोष हार्दिकचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एका जागेवर मोती आला तेव्हा बाकीच्या दहा जागांचा हिशेब कुणी केला होता, एवढाच प्रश्न आहे.

आणि थोरला पंड्या? कृणालबद्दल आपल्या शहरातसुद्धा लोक धाकट्याचा भाऊ म्हणून बोलतात. दोघेही किरण मोरे यांच्या अकादमीत वाढले. मुलांच्या खेळासाठी वडिलांनी सुरतेचे बिऱ्हाड बडोद्याला हलवले ही हकीकत आता घरोघरी माहीत आहे. कृणाल डावखुरी फिरकी टाकतो, फिरकी म्हणावी तर चेंडू फारसा वळत नाही. सपाट, वेगात, टप्पा आखूड, कधी मधेच बाउन्सर. फलंदाजीत सहा-सात क्रमांक. लिलावातली टिपणे अशा माणसाला ‘उपयुक्त’ म्हणतात, आणि उपयुक्त म्हणजे काय ते लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना ठाऊक असते. २०१६ मध्ये मुंबईने २ कोटी दिले, २०१८ मध्ये ८ कोटी ८० लाख, २०२२ मध्ये लखनौने सव्वाआठ कोटी.

२१ मे २०१७, हैदराबाद. अंतिम सामन्यात पुण्यापुढे मुंबई ७ बाद ७९. कृणालने ३८ चेंडूंत ४७ काढल्या, मुंबई कशीबशी १२९ वर पोचली आणि एका धावेने जिंकली. सामनावीर कृणाल. हरलेल्या पुण्याच्या अकरांत शार्दूल ठाकूर होता. दोन खुर्दे एकाच मैदानात, एकाला करंडक, दुसऱ्याला पुढच्या लिलावाची वाट.

बंगळुरूने २०२४ च्या अखेरीस संघ पाडून नवा बांधायला काढला. राखले फक्त तिघे: कोहली, पाटीदार, यश दयाल. सतरा वर्षे मोती ओवूनही माळ होत नव्हती, तेव्हा या वेळी त्यांनी मध्यम किमतीची माणसे गोळा केली. टिम डेव्हिड ३ कोटी, रोमारिओ शेफर्ड दीड कोटी, आणि लखनौने सोडलेला कृणाल ५ कोटी ७५ लाख.

३ जून २०२५ ला अंतिम सामना अहमदाबादेत होता, इथून दोन तासांच्या वाटेवर. पंजाबपुढे १९१ चे लक्ष्य. कृणालने चार षटकांत १७ धावा देऊन प्रभसिमरन आणि जॉश इंग्लिस यांना बाद केले. बंगळुरू सहा धावांनी जिंकले. आयपीएलच्या २०२५ पर्यंतच्या अठरा अंतिम सामन्यांत सामनावीर ठरलेल्यांची यादी काढली तर २००८ मध्ये युसूफ पठाण, २०१७ मध्ये कृणाल, २०२२ मध्ये हार्दिक आणि २०२५ मध्ये पुन्हा कृणाल; चार वेळा हा मान बडोद्याच्या घरी आला, आणि दोनदा तो मिळवणारा माणूस या यादीत एकच आहे.

पुढच्या हंगामासाठी बंगळुरूने त्याला राखले. भाव तोच, ५ कोटी ७५ लाख.